हरलेल्या चार सामन्यांतला कुमिंगा

प्रकरण मे २०२५ मधलं आहे. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या पश्चिम विभागाची उपांत्य फेरी, गोल्डन स्टेट वॉरियर्स विरुद्ध मिनेसोटा टिंबरवुल्व्ज. पहिल्याच सामन्यात वॉरियर्सच्या स्टेफ करीच्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला आणि तो मालिकेतून बाहेर पडला. तो सामना वॉरियर्सनी ९९-८८ असा काढला. पुढच्या चार सामन्यांत जोनाथन कुमिंगा या २२ वर्षांच्या फॉरवर्डनं अनुक्रमे १८, ३०, २३ आणि २६ गुण केले. चारही सामने वॉरियर्स हरले आणि मालिका ४-१ अशी संपली. याच मुलाला तीन आठवडे आधी, साखळीच्या शेवटच्या सामन्यात आणि लगेच पुढच्या प्ले-इन सामन्यात (बाद फेरीतली, म्हणजे प्लेऑफमधली, जागा ठरवणारा सामना), कोच स्टीव्ह केर यांनी एक मिनिटही खेळवलं नव्हतं.

या चार सामन्यांवरून ठाण्यात आमच्या रविवारच्या मंडळींत जो वाद पेटला, तो मी इथे मांडतो आहे. कोवळ्या खेळाडूबद्दल आपल्याकडे बोलणं सुरू झालं की ‘टॅलेंट आहे हो, पण…’ इथवर येऊन ते अडकतं. मग एकजण त्या ‘पण’च्या आधीचं ओरडून सांगतो आणि दुसरा नंतरचं. आमचंही बरेच दिवस तेच चाललं होतं. या वेळी वाद पुढे सरकला, आणि तो कसा सरकला ते मला महत्त्वाचं वाटतं, कारण त्याचा परिणाम शेवटी नौपाड्यातल्या एका शाळकरी मुलीच्या खेळावर झाला.

मंडळी मोजकीच. वर्तकनगरचे काका, तरुणपणी विद्यापीठाच्या संघातून खेळलेले, आता बँकेतून निवृत्त. नौपाड्यातल्या शाळेत मुलामुलींना बास्केटबॉल शिकवणारी ताई. कासारवडवलीहून येणारा इंजिनियर, ज्याला प्रत्येक गोष्टीचा आकडा लागतो. नुकतीच बारावी दिलेला एक पोरगा, कुमिंगाचा निस्सीम भक्त. आणि मी.

आधीची चार वर्षं

कुमिंगा कांगोमधल्या गोमा शहरातला, जन्म ऑक्टोबर २००२ चा. शाळकरी वयातच बास्केटबॉलसाठी अमेरिकेत आला. पुढे कॉलेजच्या संघात न जाता त्यानं जी लीग या एनबीएच्या दुय्यम लीगमधल्या इग्नाइटचा रस्ता धरला. कॉलेज टाळून थेट व्यावसायिक व्हायचं असलेल्या मुलांसाठी एनबीएनंच उभा केलेला हा संघ होता. त्यात पगार मिळायचा आणि समोर पिकलेले खेळाडू असायचे. पण २०२१ च्या सुरुवातीला कोविडमुळे त्या लीगचा हंगाम ऑर्लँडोच्या बंदिस्त बबलमध्ये घाईघाईत उरकला गेला आणि कुमिंगाच्या वाट्याला जेमतेम १३ सामने आले. वर्षभर खेळून, चुकून, बोलणी खाऊन शिकायचं जे वय असतं, ते त्याचं असं गेलं.

जुलै २०२१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तिथे, वॉरियर्सनी त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं. गंमत म्हणजे हा क्रमांक मुळात मिनेसोटाचाच. डी’अँजेलो रसेलच्या बदल्यात अँड्र्यू विगिन्स आला, त्या व्यवहारात तो वॉरियर्सकडे आला होता. संघाचा बेत मोठा होता. करी, क्ले थॉम्पसन आणि ड्रेमंड ग्रीन जिंकत राहतील आणि त्यांच्याच शेजारी पुढची पिढी तयार होईल. या पुढच्या पिढीत २०२० चा दुसऱ्या क्रमांकाचा जेम्स वाइजमन होता, २०२१ चे कुमिंगा आणि मोझेस मूडी होते. वाइजमनला २०२३ च्या फेब्रुवारीत देऊन टाकलं, म्हणजे बेताचा एक खांब तिथेच कोसळला.

पहिल्या वर्षी कुमिंगा सामन्यामागे साधारण १७ मिनिटं खेळला, ९.३ गुण केले, आणि जून २०२२ मध्ये एकोणिसाव्या वर्षी विजेतेपदाची अंगठीही मिळाली. दुसऱ्या वर्षी मिनिटं थोडी वाढली, गुण ९.९. पण प्लेऑफ आले की तो दिसेनासा व्हायचा. जानेवारी २०२४ मध्ये डेन्व्हरविरुद्ध शेवटची १८ मिनिटं केरनी त्याला बाकावरच ठेवलं. योकिचनं जवळपास अर्ध्या कोर्टवरून टाकलेल्या शेवटच्या शॉटनं तो सामना हातचा गेला. दुसऱ्या दिवशी बातमी आली, कुमिंगाचा कोचवरचा विश्वास उडालाय. दोघं बोलले, मिनिटं वाढली, आणि पोरगा सलग कित्येक सामने वीसच्या वर गुण करत सुटला. त्या हंगामाची सरासरी १६.१.

डिसेंबर २०२४ मध्ये लागोपाठ दोन रात्री ३४-३४ गुण. आठवड्याभरात घोटा मुरगळला आणि ३१ सामने गेले. तो बाहेर असतानाच फेब्रुवारीत जिमी बटलर आला आणि संघ धडाधड जिंकू लागला. मार्चमध्ये कुमिंगा परतला तेव्हा त्याची जागा भरलेली होती. हंगाम संपला १५.३ गुणांवर. तीन गुणांच्या शॉटची टक्केवारी ३०.५, रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल, सामन्यामागे ४.६. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा. इतकी उडी आणि इतकी ताकद असलेल्या फॉरवर्डला साडेचार रिबाउंड.

केर त्याला का बसवत होते, हे आमच्यातल्या बऱ्याच जणांना नीट कळलेलं नव्हतं. ताईनं मिसळीच्या टेबलावर समजावलं. ग्रीनला लांबून शॉट नाही. बटलरही लांबून फारसा टाकत नाही. त्यात कुमिंगा तिसरा. समोरच्या संघाला तिघांनाही बाहेर मोकळं सोडता येतं. मग त्यांचे राखणदार रिंगखाली दाटी करतात, करीवर दोन-दोन जण धावून जातात, आणि कुमिंगाचं जे खरं हत्यार, रिंगकडे मुसंडी मारणं, तेच बोथट होतं. म्हणजे बटलर आला, त्यानं संघ सुधारला आणि कुमिंगाचा रस्ता अडवला. यात कुणी दुष्ट नव्हतं.

तीन बाजू

त्या मालिकेतला तिसरा सामना आपल्याकडे ११ मे, रविवारी पहाटे सहाला होता. सीमेवरच्या तणावामुळे आयपीएल थांबवलेली होती, आदल्या संध्याकाळीच शस्त्रसंधी जाहीर झाली होती, त्यामुळे घरोघरी टीव्हीवर बातम्याच चालू होत्या. काकांच्या घरी मात्र आम्ही सॅन फ्रान्सिस्कोतला सामना बघत बसलो. कुमिंगानं १८ पैकी ११ शॉट घातले, ३० गुण. बटलरचे ३३. संघाच्या ९७ गुणांपैकी ६३ या दोघांचे. ग्रीन सहा फाउल होऊन बाहेर गेला, अँथनी एडवर्ड्सनं ३६ ठोकले आणि मिनेसोटा १०२-९७ जिंकली.

पोरगा उभाच राहिला. “काका, बघितलंत? तीन आठवडे बाकावर सडवलं याला! मिनिटं दिली की हा काय करतो ते सगळ्या जगानं बघितलं आज.”

इंजिनियर हसला नाही, पण मान हलवली. त्याचं म्हणणं असं की करी नाही म्हटल्यावर शॉट कुणीतरी घ्यायचेच होते. हरणाऱ्या संघात गुण कुणाच्या तरी नावावर पडतातच. दोन-चार सामन्यांवरून एखाद्याची लायकी ठरवणं म्हणजे एका पावसावरून धरण भरलं म्हणणं. आणि कुमिंगा चांगला खेळूनही संघ का हरतोय, याचं उत्तर त्याच्या ३० गुणांत नाही.

काका केरच्या बाजूनं होते, आणि त्यांची बाजू ऐकण्यासारखी होती. ते म्हणाले, “अरे बाळा, करी सदतीस वर्षांचा झाला. त्याच्या हातात किती हंगाम उरलेत? केरचं काम आज जिंकायचं आहे. अशा संघात नव्या मुलानं आधी मोठ्यांना हवं ते करायचं. रिबाउंड घे, धाव, समोरच्याला अडव. गुण आपोआप येतात.” केरनीही त्याच्यासमोर शॉन मॅरियनचा आदर्श ठेवलेला होता. मॅरियनसाठी मुद्दाम चाली आखायला लागत नव्हत्या. तो धावून, झडप घालून, सुटलेले बॉल गोळा करून गुण मिळवायचा. कुमिंगाला मात्र बॉल हातात घेऊन खेळायचं होतं.

पोरगा तडकला. “म्हणजे सातव्या क्रमांकावर घेऊन त्याला हमाली करायला लावायची?”

“हमाली नाही रे. नोकरी,” काका म्हणाले. “पहिल्या दिवशी कुणी मॅनेजर होत नाही.”

मिसळ संपेपर्यंत आवाज चढलेलेच होते. मामलेदार मिसळीच्या तिखटानं त्यात भरच पडली असावी. मला त्या क्षणी जाणवत होतं की तिघंही खरं बोलताहेत, पण वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत. पोरगा सांगत होता, बॉल हातात आल्यावर कुमिंगा काय करू शकतो. इंजिनियर विचारत होता, त्यानं संघ जिंकतो का. काका सांगत होते, अशा संघात जागा कशी मिळवावी. ‘क्षमता’ हा एकच शब्द तिघांच्या तोंडी होता.

वही

ताईनं तोवर कुणाचीच बाजू घेतली नव्हती. तिनं पिशवीतून शाळेची दोनरेघी वही काढली, पानावर पट्टीनं उभे रकाने आखले आणि वर लिहिलं: उभा. कट. स्क्रीन. रिबाउंडला धाव. मदत वेळेवर. मदत उशिरा. (कट म्हणजे रिंगकडे अचानक शिरणं, स्क्रीन म्हणजे सहकाऱ्यासाठी समोरच्याला अंगानं अडवून धरणं, मदत म्हणजे बचावात सहकाऱ्यासाठी धावून जाणं.)

“दुपारी उत्तरार्ध परत लावू,” ती म्हणाली. “सगळ्यांनी फक्त कुमिंगाकडे बघायचं. आणि फक्त बॉल त्याच्या हातात नसताना. बॉल त्याच्याकडे आला की पेन खाली.”

हे ऐकायला सोपं वाटतं, पण करून पाहा. डोळा बॉलकडेच पळतो. पहिली काही मिनिटं आम्ही सगळेच चुकत होतो, पोरगा तर प्रत्येक डंकला पेन टाकून टाळी वाजवायचा. हळूहळू नजर बसली. आणि मग टीव्हीच्या एका कोपऱ्यात एक वेगळाच सामना दिसायला लागला.

बटलर वरच्या बाजूला बॉल घेऊन खेळतोय. कुमिंगा कोपऱ्यात. त्याचा राखणदार त्याच्याकडे पाठ करून एक पाय रिंगखालच्या रंगवलेल्या भागात टाकून उभा आहे. म्हणजे त्यानं कुमिंगाला मोकळं सोडलंय. नेमकी हीच वेळ असते राखणदाराच्या पाठीमागून रिंगकडे शिरायची. त्याचा चेहरा वळला रे वळला की दोन पावलं आणि बॉल वर. कधी कुमिंगा शिरायचा, आणि शिरला की आमच्या काकांच्याही तोंडून “वा!” निघायचं. पण बऱ्याचदा तो गुडघे सरळ ठेवून, हात खाली सोडून, बॉल कधी येईल याची वाट बघत उभा. रिबाउंडचंही तसंच. शॉट सुटला की ज्यांना रिबाउंड मिळतात ती माणसं बॉल हवेत असतानाच समोरच्याला पाठीनं अडवून जागा धरतात. कुमिंगा बॉल कुठे पडतोय ते बघायचा आणि मग उडी घ्यायचा. उडी उंच, पण जागा गेलेली.

पाच जणांच्या खुणा सारख्या नव्हत्या. कट कशाला म्हणायचं यावर इंजिनियर आणि ताईचं शेवटपर्यंत जमलं नाही. पण पोरग्याच्या पानावरसुद्धा ‘उभा’ हा रकाना सगळ्यांत भरलेला होता. तो बराच वेळ पानाकडे बघत बसला आणि मग म्हणाला, “ताई, पण त्याला हे शिकवलंय कुणी?”

या वादातला सगळ्यांत चांगला प्रश्न तोच होता.

शिकायला जागा कुठे मिळते

इंजिनियरनं पुढच्या रविवारी फ्रांझ वाग्नरचा कागद आणला. तोवर मालिका संपलेली होती. वाग्नर २०२१ च्याच ड्राफ्टमधला, आठव्या क्रमांकाचा, म्हणजे कुमिंगाच्या लगेच पाठचा. त्याला ऑर्लँडोनं घेतलं. त्या हंगामात ऑर्लँडो ८२ पैकी ६० सामने हरली. वाग्नर ७९ सामने खेळला आणि प्रत्येक सामन्यात सुरुवातीच्या पाचांत होता. पहिल्याच वर्षी १५.२ गुण, चौथ्या वर्षी २४.२. २०२४ च्या जुलैमध्ये त्याचा पाच वर्षांचा २२.४ कोटी डॉलरचा करारही झाला होता. “हरणारा संघ ही त्याची शाळा होती,” इंजिनियर म्हणाला. “तिथे त्याच्या चुकांनी कुणाचं काही बिघडत नव्हतं.” मग स्वतःच पुढे म्हणाला की वाग्नर वर्षभरानं मोठा आहे, मिशिगनकडून दोन वर्षं कॉलेज खेळून आलेला आहे आणि बॉलशिवाय कसं खेळायचं ते तो आधीच शिकून आला होता. त्यामुळे सगळं श्रेय ऑर्लँडोला देता येत नाही.

काकांनी कवाय लेनर्ड काढला, आणि तो काढणं भागच होतं. २०११ मध्ये पंधराव्या क्रमांकाचा हा मुलगा सॅन अँटोनिओत गेला. तिथे डंकन, पार्कर, जिनोबिली अशी जिंकण्याची सवय असलेली मंडळी. लेनर्डनं आधी समोरच्या सगळ्यांत चांगल्या खेळाडूला अडवण्याचं काम घेतलं. चिप एंगेलंड या शॉटच्या कोचनं त्याचा शॉट घडवला. कोपऱ्यातला तीन गुणांचा शॉट पक्का झाला. २०१४ च्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. “मोठ्यांच्या घरात राहूनही माणूस मोठा होतो,” काका म्हणाले. “पण ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलमधल्या चौथ्या सीटसारखं असतं ते. अर्धंच टेकायला मिळतं. जो तेवढ्यावर बसतो, त्याला पुढच्या स्टेशनांवर सरकायला मिळतं. उभं राहून खिडकीकडे बघत बसलास तर अर्धीही जाते.”

पोरग्याचं उत्तर तयार होतं आणि तेच माझ्या मते निर्णायक आहे. जॉर्डन पूल. याच वॉरियर्सचा, २०१९ चा २८ व्या क्रमांकाचा खेळाडू. त्याचं पहिलं वर्ष म्हणजे २०१९-२०. करी हात मोडून पाचच सामने खेळला, थॉम्पसन अख्खा हंगाम बाहेर, संघ १५ जिंकला आणि ५० हरला. पूलचे तीनपैकी दोन शॉट बाहेर जात होते, तरी त्याला खेळवत राहिले, कारण हरायला काही उरलेलंच नव्हतं. पुढच्या वर्षी त्याला काही आठवडे जी लीगमध्ये धाडलं, तिथे बॉल पूर्ण त्याच्या ताब्यात. परत आला तो बदलून. २०२१-२२ मध्ये सरासरी १८.५ आणि विजेतेपदात मोठा वाटा.

कुमिंगाला यातलं काहीच मिळालं नाही. तो आला त्या वर्षी संघ विजेता झाला. हरणारा हंगाम नाही, जी लीगमध्ये मोठा मुक्काम नाही, कॉलेज नाही, इग्नाइटचे तेरा सामने. अठरा ते एकवीस या वयात बॉल हातात घेऊन चुकायची जागाच त्याला कुठे नव्हती. आणि बॉलशिवाय खेळायला शिकवणारी शिस्त जिथे लागते तिथे तो थेट जगातल्या सगळ्यांत अवघड संघात पडला. वॉरियर्सचा खेळ पाठ केलेल्या चालींवर कमी आणि एकमेकांच्या हालचाली वाचण्यावर जास्त चालतो. करी आणि ग्रीन एका दशकाहून अधिक काळ एकत्र खेळलेले. त्यांच्यातलं न बोललेलं बोलणं एकोणिसाव्या वर्षी कळत नाही.

माझं मत स्पष्ट सांगतो. पहिल्या दोन वर्षांची जबाबदारी संघाची. दोन पिढ्या एकाच वेळी पोसायचा बेत आखला, पण धाकट्यांना चुका कुठे करू द्यायच्या, हे ठरवलं नाही. २०२३ नंतरची जबाबदारी मी कुमिंगावर टाकतो. तिसऱ्या वर्षी त्याला मिनिटं मिळाली होती. काय हवं आहे ते कोचनं जाहीरपणे सांगितलेलं होतं. रिबाउंडसाठी जागा धरणं हे कुठल्याही जिममध्ये, कुठल्याही सहकाऱ्यासोबत शिकता येतं. त्याला करी लागत नाही, चाल लागत नाही, कोचची मर्जी लागत नाही. चौथ्या वर्षी तो आकडा ४.६ वर राहतो तेव्हा ‘संधी मिळाली नाही’ हे पुरत नाही. आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याला बसवणाऱ्या केरना मी दोष देणार नाही. त्यांच्यापुढे जिंकायचे सामने होते आणि जमणारी माणसं समोर दिसत होती.

मे महिन्यातल्या त्या चार सामन्यांनी एक गोष्ट मात्र कायमची सिद्ध केली. मिनेसोटाचा रूडी गोबेर रिंगखाली उभा असलेल्या, प्लेऑफच्या दर्जाच्या बचावाविरुद्ध हा मुलगा स्वतःच्या हिमतीवर शॉट काढतो, सलग चार सामने काढतो. हे जमणारी माणसं फार नसतात. इंजिनियरनं या मुद्द्यापुरती माघार घेतली.

नौपाड्यातली मुलगी

आता ताईकडे येतो, कारण तिच्यासाठी हा नुसता टीव्हीवरचा वाद नव्हता. तिच्या शाळेत नववीतली एक मुलगी आहे, वर्गातल्या मुलांपेक्षाही उंच. सहावीपासून तिला रिंगखाली उभं केलेलं. बॉल वर फेकायचा, तिनं घ्यायचा, टाकायचा. शाळा सामने जिंकते, पालक खूश, मुलगी खूश.

ताईची काळजी अशी. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सगळ्यांत वेगानं वाढते, मुलांची चौदाव्याच्या. ज्या मुली लवकर उंच होतात, त्यांची वाढ थांबतेही लवकर. आज जी सगळ्यांच्या वर दिसते ती दोन-तीन वर्षांत बाकीच्यांच्या बरोबरीला येऊ शकते. तेव्हा राज्याच्या निवड चाचणीत रिंगखाली तिच्याहून उंच मुली असतील आणि हिला बाहेरून शॉट नसेल, ड्रिबल नसेल, कट कधी मारायचा ते ठाऊक नसेल. अशा मुली ताईनं पाहिल्यात. अकरावीत खेळ सुटतो आणि घरचे म्हणतात, उंची होती पण पुढे काही झालं नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर ताईनं त्या मुलीला रिंगखालून बाहेर काढलं. सरावाला तीन-तीनचा खेळ, ड्रिबल पूर्ण बंद. फक्त पास आणि धाव. बॉल हातात आल्यावर दोन सेकंदांत सोडायचा. बास्केट धरायची ती फक्त पाठीमागून कट मारून आलेली. मी एका संध्याकाळी बघायला गेलो होतो. मुलगी आधी गोंधळलेली, पुन्हा पुन्हा पाय सवयीनं रिंगकडे वळायचे. ताई बाहेरून ओरडत होती, “तिच्या डोक्याकडे बघ, बॉलकडे नको! डोकं वळलं की शिर!” कधीतरी एकदा राखणदार मुलीचं डोकं वळलं, ही सपकन शिरली, पास आला आणि बॉल बोर्डाला लागून आत. पुढच्याच वेळी तिनं तीच जागा साधायला बघितलं आणि बॉल हातातून निसटला. ताईनं दोन्ही वेळा सारखीच टाळी वाजवली.

पावसाळ्यातल्या आंतरशालेय सामन्यांत शाळा लवकर बाहेर पडली. एक पालक ताईला भेटायला आले, आणि बरेच चिडलेले होते. हिला रिंगखाली ठेवलं असतं तर आपण जिंकलो असतो, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. ताईनं ते नाकारलं नाही. ती म्हणाली, “हो, जिंकलो असतो. पण मग दहावीनंतर हिला कोण खेळवणार ते तुम्ही मला सांगा.” मुख्याध्यापिका तिच्या बाजूनं उभ्या राहिल्या, म्हणून हे पुढे चालू राहिलं. ऑर्लँडोला जे एका हरलेल्या हंगामात परवडलं, ते शाळेला परवडायला कुणीतरी वरचं माणूस ठाम लागतं.

काकांनी इथे मोकळेपणानं सांगितलं की त्यांच्या काळात अशा मुलीला त्यांनीही रिंगखालीच ठेवलं असतं. तरी एक गोष्ट त्यांनी ताईला बजावली. बाहेर खेळायला शिकव, पण रिबाउंड सोडू देऊ नकोस, नाहीतर दोन्हीकडून जाईल. ताईनं त्या आठवड्यापासून शेवटची दहा मिनिटं फक्त पाठीनं अडवून जागा धरण्याच्या सरावाला ठेवली.

कराराचं काय झालं

उन्हाळ्यात कुमिंगाचा करार संपला. तो मर्यादित मुक्त खेळाडू होता, म्हणजे दुसऱ्या कुणी दिलेल्या ऑफरची बरोबरी करून त्याला ठेवून घ्यायचा हक्क वॉरियर्सकडे होता. बोलणी जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर रेंगाळली. त्याला जास्त वर्षं आणि आपल्या बाजूचे अधिकार हवे होते, संघाला कमी बांधिलकी. सप्टेंबरच्या अखेरीस दोन वर्षांवर मिटलं, जास्तीत जास्त ४.८५ कोटी डॉलर, आणि दुसरं वर्ष ठेवायचं की नाही ते संघाच्या हातात.

वाग्नरच्या पाच वर्षांच्या २२.४ कोटींशेजारी हा करार ठेवला की दोन्ही संघांना काय वाटतं ते दिसतं. ऑर्लँडोला उत्तर मिळालं होतं. वॉरियर्सनी चार वर्षं मुलाला जवळ ठेवून, एकदा विजेतेपद जिंकून, तो प्लेऑफमध्ये ३० गुण करताना बघूनही उत्तर पुढे ढकललं. पोरगा याला अन्याय म्हणतो. इंजिनियर म्हणतो, दुसऱ्या कुठल्या संघानंही वॉरियर्सना अवघड जाईल अशी मोठी ऑफर पुढे केली नाही, याचा अर्थ बाजारालाही तोच संशय आहे. काका गप्प असतात, पण मॅरियनचं नाव निघालं की मान डोलावतात.

पोरगा आता इंजिनियरिंगला लागलाय. वही त्याच्याकडेच आहे. नव्या हंगामासाठी त्यानं रकान्यांत एक भर घातली: ‘शॉट सुटताना पाठीनं अडवलं का?’ दिवाळीच्या सुट्टीत ताईच्या मुलींचा सराव सामना होता, तिथे तो बाकाशेजारी वही घेऊन बसला होता आणि त्या उंच मुलीच्या नावाचं पान भरत होता.